जगातला सर्वश्रेष्ठ चित्रपट आणि गळलेले बटाटे

आमच्या घरी रविवारी दुपारच्या जेवणानंतर जगातला सर्वश्रेष्ठ चित्रपट ठरतो आणि संध्याकाळच्या चहापर्यंत तो पदच्युत होतो. पुण्यात, त्यातही लॉ कॉलेज रस्त्याच्या आसपास राहण्याचे जे अनेक तोटे आहेत, त्यांतला हा एक होय. एकीकडे प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० सालापासून फिल्म इन्स्टिट्यूट उभी आहे, दुसरीकडे १९६४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, आणि या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात भाड्याने राहणाऱ्या माणसाचीही अशी ठाम समजूत असते की, या संस्थांवरून येणारा वारा इतकी वर्षे अंगावर घेतल्यामुळे आपल्याला चित्रपटातले इतरांपेक्षा थोडे अधिक कळते.

आमचे मेव्हणे तर केवळ वाऱ्यावर विसंबून राहिलेले नाहीत. तरुणपणी त्यांनी महिनाभराचे चित्रपट रसग्रहण शिबिर केले होते. ते शिबिर संपून कित्येक वर्षे झाली, परंतु मेव्हणे अजून त्यातून बाहेर आलेले नाहीत. एखादा चित्रपट आवडला का, असे त्यांना विचारण्याची सोय नाही. एकदा मी विचारले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “भाऊजी, चित्रपट आपल्याला आवडला का, हा प्रश्नच गैरलागू आहे. आपण चित्रपटाला आवडलो का, ते पाहावं.” तेव्हापासून चित्रपटगृहात मी जरा नीटनेटके कपडे घालून जातो.

त्यांच्या विरुद्ध बाजूला आमचे सासरे, म्हणजे अण्णा, बसतात. अण्णांच्या मते चित्रपटकला १९३६ साली ‘संत तुकाराम’मध्ये पूर्णत्वाला पोहोचली आणि त्यानंतर जे काही निघाले ते केवळ छपाईचे यंत्र रिकामे राहू नये म्हणून. दामले-फत्तेलालांच्या या चित्रपटाचा १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला, आणि मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो वर्षाहून अधिक काळ चालला, या दोन गोष्टी अण्णा अशा सुरात सांगतात की, जणू पुढचा वाद घालण्यापूर्वी समोरच्याने त्या दोन गोष्टींची पोच द्यायची आहे. मेव्हण्यांचा मुलगा अभियांत्रिकी शिकतो आणि त्याचा दशांश चिन्हावर गाढ विश्वास आहे. इंटरनेटवरच्या आयएमडीबी नावाच्या स्थळावर ‘द शॉशँक रिडेम्प्शन’ला दहापैकी ९.३ गुण आहेत आणि तो यादीत पहिला आहे, तेव्हा वादाला जागाच कुठे उरते, असे तो विचारतो. हाच चित्रपट १९९४ साली आला तेव्हा तिकीट खिडकीवर आपटला होता आणि ऑस्करची सात नामांकने मिळूनही त्याने एकही पुतळा घरी नेला नव्हता, हे त्याला सांगितले की तो म्हणतो, “काका, तेव्हा लोकांकडे नेट नव्हतं.” सौभाग्यवतींचा कौल ‘अशी ही बनवाबनवी’ला असतो. सासूबाई वादात भाग घेत नाहीत. त्या मेथी निवडतात. आणि माझ्याकडे वही असल्यामुळे मी लेखनिक आहे.

या वेळच्या पेचप्रसंगाला मेव्हण्यांनी आणलेली एक यादी कारणीभूत झाली. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचे ‘साइट अँड साउंड’ नावाचे नियतकालिक १९५२ सालापासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांकडून कौल मागवते. पहिल्या वेळी ‘बायसिकल थीव्ह्ज’ पहिला आला, आणि तो तेव्हा अवघा चार वर्षांचा होता. पुढे १९६२ पासून २००२ पर्यंत सलग पाच वेळा ‘सिटिझन केन’ने गादी सोडली नाही, २०१२ साली हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’ने त्याला उठवले, म्हणजे १९५८ साली नाके मुरडून घेतलेल्या त्या चित्रपटाला सर्वश्रेष्ठ व्हायला ५४ वर्षे लागली. आणि २०२२ साली बेल्जियमच्या शांताल आकरमान या दिग्दर्शिकेचा ‘जान डीलमान’ हा चित्रपट पहिला आला. मेव्हण्यांनी हे सर्व वाचून दाखवले, तेव्हा अण्णांनी न्यायालयात शिरस्तेदार म्हणून काढलेल्या हयातीला शोभेल असा प्रश्न विचारला. “दर दहा वर्षांनी सर्वश्रेष्ठ बदलतो म्हणता. मग आधीच्या खेपेला जबानी दिलेली ती माणसं खोटं बोलत होती का?”

मेव्हण्यांनी त्यांना मतदानाची पद्धत समजावून सांगितली. प्रत्येकाने आपल्या पसंतीची दहा नावे पाठवायची, त्यांना अनुक्रम नाही, प्रत्येक नावाला एकच मत, आणि सर्वाधिक मते मिळतील तो सर्वश्रेष्ठ. २०२२ साली सोळाशेहून अधिक लोकांनी मते दिली आणि तरीही पहिला आलेला चित्रपट बहुसंख्य मतदारांच्या दहांत नव्हताच. आमच्या सोसायटीचे अध्यक्षही याच रीतीने निवडून आलेले असल्यामुळे मला त्यात वावगे काही वाटले नाही. पहिल्या शंभरात भारतातला चित्रपट एकच, तो म्हणजे ‘पथेर पांचाली’, आणि तोही पस्तिसावा, हे ऐकून अण्णा म्हणाले, “म्हणजे तुकाराम त्यांनी पाहिलेला नाही.” अण्णांच्या तर्कशास्त्रात एखाद्याने तो पाहिला आणि तरीही वगळला, अशी शक्यताच बसत नाही.

मग कोणी तरी लक्षात आणून दिले की, हा ‘जान डीलमान’ १९७५ सालचा आहे, आणि तेथून वादाला जे वळण लागले त्याचे टिपण घेताना माझी शाई संपली. १९७५च्या मे महिन्यात हा चित्रपट फ्रान्समधल्या कान महोत्सवात दाखवला गेला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला मुंबईच्या मिनर्व्हात ‘शोले’ लागला आणि तेथे पाच वर्षे राहिला. आणि त्याच वर्षी ‘जय संतोषी माँ’ आला, जो पाहायला बायका दाराशी चपला काढून जात आणि पडद्यावर नाणी अन् फुले उधळत. तेव्हा एकाच वर्षातले हे तीन चित्रपट शेजारी शेजारी ठेवून थोरवी म्हणजे काय ते ठरवावे, अशी सूचना सौभाग्यवतींनी केली, आणि ती इतकी वाजवी होती की सर्वांनी तिला एकमुखाने विरोध केला.

‘शोले’च्या बाजूने मी बोलणार होतो. परंतु मेव्हण्यांनी मध्येच सांगितले की, त्या चित्रपटाला फिल्मफेअरचे एकच पारितोषिक मिळाले, तेही संकलनाचे, एम. एस. शिंदे यांना. मराठी माणसाचे नाव निघाल्यामुळे मी अभिमानाने मान हलवली. तेवढ्यात सौभाग्यवती म्हणाल्या, “म्हणजे त्यात जे कापून टाकलं, त्यालाच बक्षीस मिळालं म्हणायचं.” अन्यायाची इतकी थोडक्यात मांडणी ऐकल्यावर मला माझे मुद्दे विस्कळीत वाटू लागले आणि मी पुन्हा लेखनिक झालो. ‘जय संतोषी माँ’ला मात्र अण्णांनी कडाडून विरोध केला. चौकशी केल्यावर असे कळले की, सासूबाई तो पाहायला गेल्या तेव्हा अण्णा बाहेर सगळ्यांच्या चपला सांभाळत बसले होते, त्यामुळे त्यांनी तो पाहिलेलाच नाही. पाहिलेल्यांपेक्षा त्यांचे मत अधिक पक्के असण्याचे कारणही बहुधा तेच असावे.

आमच्या वादाचा हाच विशेष मला वर्षानुवर्षे लिहून घेताना जाणवत आला आहे. ज्याने चित्रपट पाहिला आहे तो चाचरतो, त्याला मधला कंटाळवाणा भाग आठवतो, एखादे गाणे नसते तर बरे झाले असते असे वाटते. ज्याने पाहिलेला नाही त्याच्या वाणीला खंड नसतो. ‘बनवाबनवी’चे तेच झाले. तो आमच्या घरात सर्वांना पाठ आहे, दूरदर्शन संचावर लागला की पात्रांच्या आधी आम्हीच बोलून टाकतो, आणि नेमक्या याच कारणासाठी तो यादीतून बाद झाला. मेव्हण्यांनी तांत्रिक हरकतही घेतली की, तो १९६६ सालच्या ‘बीवी और मकान’वरून घेतलेला आहे. त्यावर त्यांच्याच चिरंजीवांनी मोबाइलवर शोधून सांगितले की, तुकारामांवरचे चित्रपटही प्रभातच्या आधी निघाले होते. तेव्हा अण्णांनी नातवाकडे अशा नजरेने पाहिले की, त्याचे पुढच्या दिवाळीचे पाकीट धोक्यात आले असावे. ‘कोर्ट’ हे मेव्हण्यांचे मराठीतले नाव. २०१४ सालच्या या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला. अण्णांनी तो खरोखर पाहिला होता, आणि त्यांचे म्हणणे एवढेच होते की, तो इतका खरा आहे की अर्ध्यातच त्यांना पुढची तारीख मागावीशी वाटली.

शेवटी मी लेखनिकाच्या नात्याने विचारले की, ज्या ‘जान डीलमान’वरून हे रामायण घडले तो आपल्यापैकी कोणी पाहिला आहे. कोणीच पाहिलेला नव्हता. मेव्हणे म्हणाले, “मी तो पाहिला नसला तरी अभ्यासलेला आहे.” मग त्याच संध्याकाळी तो लावायचे ठरले. लांबी ३ तास २१ मिनिटे. ब्रुसेल्समधली एक विधवा, तिचा वयात आलेला मुलगा, आणि तिच्या आयुष्यातले तीन दिवस, म्हणजे स्वयंपाक, भांडी, अंथरूण, खोलीतून बाहेर पडताना न चुकता दिवा मालवणे. कॅमेरा जागचा हलत नाही. ती बटाटे सोलते तर ते सोलून होईपर्यंत आपणही तेथेच. पहिल्या तासाभरात भाच्याने दुप्पट वेग करण्याची परवानगी मागितली; ती नाकारताना मेव्हणे म्हणाले की, काळ हाच या चित्रपटाचा विषय आहे, आणि थोड्याच वेळात डोळे मिटून ते त्या विषयात खोल उतरले. अधूनमधून घोरण्याचा आवाज येई, परंतु चित्रपटाला पार्श्वसंगीत नसल्यामुळे तो खटकला नाही.

अडचण वेगळीच निघाली. त्या बाईकडे दुपारी घंटा वाजवून एक गृहस्थ येतात, ती त्यांचा कोट आणि टोपी ठेवून घेते, आतले दार लागते, बोळातला उजेड कमी होतो, दार उघडते आणि गृहस्थ पैसे देऊन जातात. अण्णांनी विचारले, “हे गृहस्थ कोण?” भाचा मोबाइलमध्ये शिरला, मी छताकडे पाहू लागलो. सौभाग्यवती म्हणाल्या, “विम्याचे असतील.” दुसऱ्या दिवशी दुसरे गृहस्थ आले आणि तेही पैसे देऊन गेले, तेव्हा अण्णांची न्यायालयीन बुद्धी जागी झाली. “विम्याचा माणूस पैसे देऊन जातो? मला कंपनीचं नाव सांगा.” या प्रश्नाचे उत्तर आजही माझ्या वहीत प्रलंबित आहे.

आणि नेमक्या त्याच वेळी सासूबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली. “अगं, बटाटे गळले तिचे,” त्या म्हणाल्या. “आणि त्या टेबलावरच्या भांड्यावर झाकण ठेवायची विसरली बघ. पैसे ठेवते ना त्यात. केसही विस्कटलेत. हिचं काहीतरी बिनसलंय.” पडद्यावर ती बाई गळलेल्या बटाट्यांचे पातेले हातात घेऊन, ते कोठे ठेवावे ते न कळून घरात घुटमळत होती. मेव्हणे जागे झाले आणि त्यांनी मोबाइलवर उतरवून घेतलेला एक समीक्षालेख आम्हांला वाचून दाखवला, त्यात हेच होते: बटाटे बिघडतात तेथे तिच्या दिनक्रमाला पहिला तडा जातो आणि सगळा चित्रपट तेथून कलतो. फरक इतकाच की, लेखकाला त्यासाठी बरीच पाने लागली होती. सासूबाई म्हणाल्या, “त्यात लिहायचं काय? बाईचे बटाटे उगाच गळत नाहीत.”

तिसऱ्या दिवशी काय होते ते येथे सांगत नाही, कारण ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांना त्याविषयी बोलण्याची मोकळीक राहिली पाहिजे. चित्रपट संपला तेव्हा शेवटपर्यंत जागे असलेल्यांत सासूबाई आणि मी एवढेच होतो, आणि मी जागा होतो तो लेखनिकाच्या कर्तव्यबुद्धीने. मी त्यांचे मत विचारले. त्या म्हणाल्या, “फार चांगला आहे. पण मला पुन्हा बघायला सांगू नका.”

हे कानावर पडताच मेव्हणे ताडकन उठून बसले. चांगला चित्रपट माणूस पुन्हा पुन्हा पाहतो, थोर चित्रपट पुन्हा पाहवत नाही. आईने नेमके मर्मावर बोट ठेवले, असे त्यांनी जाहीर केले, आणि ज्या चित्रपटाच्या वेळी आपण झोपलो होतो त्याच्या नावापुढे मला तिथल्या तिथे बरोबरची खूण करायला लावली. अण्णांना हे मान्य नव्हते, कारण तुकाराम ते दर आषाढीला पाहतात. वाद पुन्हा पेटण्याची चिन्हे दिसू लागली, रात्र बरीच झाली होती, आणि मला सकाळी कामावर जायचे होते. तेव्हा मी पहिल्यांदाच वही मिटून माझे नाव सुचवले: ‘आलम आरा’. भारतातला पहिला बोलपट, १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातल्या मॅजेस्टिक सिनेमात लागलेला, आणि ज्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुन्हा पाहवत नाही एवढेच नव्हे, तर एकदाही पाहता येत नाही; मेव्हण्यांच्या कसोटीवर त्याच्या जवळपास फिरकेल असा दुसरा चित्रपट सापडणार नव्हता. अण्णांनाही तो जुना असल्यामुळे आपला वाटला. सौभाग्यवतींनी झोपायला जाता येईल एवढ्यासाठी होकार दिला, आणि वहीत आमच्या घराण्याचा पहिला एकमताचा ठराव नोंदवला गेला.

भाचा मात्र मोबाइलमध्ये काही शोधत होता. “काका,” तो म्हणाला, “याला लोकांनी रेटिंगपण दिलंय.” हयात माणसांपैकी जवळजवळ कोणालाही पाहता आलेला नाही अशा चित्रपटाला लोकांनी दहापैकी गुण दिलेले होते आणि त्यांची रीतसर सरासरीही काढलेली होती. मेव्हण्यांनी उशाचा चष्मा शोधून डोळ्यांवर चढवला, मोबाइल जवळ धरून तो आकडा नीट निरखला, आणि गुण फार कमी दिले आहेत, असे सांगितले.