टॅली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडत नाही? फायरवॉल बंद करू नका

नागपूरच्या इतवारी-गांधीबागेतल्या व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: दुसऱ्या कॉम्प्युटरवर टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधली कंपनी (म्हणजे हिशेबाचा डेटा) उघडत नसेल तर सर्व्हरची, म्हणजे डेटा असलेल्या मुख्य कॉम्प्युटरची, फायरवॉल (नको ते कनेक्शन अडवणारी भिंत) बंद करा, डेटा फोल्डरला 'एव्हरीवन, फुल कंट्रोल' (सगळ्यांना सगळे अधिकार) द्या आणि सगळ्यांनी एकच ॲडमिन लॉगिन वापरा. कृपया असं करू नका.

विंडोजमध्ये फोल्डरची परवानगी दोन जागी असते, शेअरिंगमध्ये आणि सिक्युरिटीत. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हींतली जी कडक, तीच लागू होते. शेअरिंगला 'चेंज' (बदल करण्याची परवानगी) दिलंय, पण सिक्युरिटी टॅबमध्ये अकाउंटंटच्या युजरचं नावच नाही, अशा वेळी काम अडतं. त्या युजरला तिथे 'मॉडिफाय' द्या, बस्स. 'एव्हरीवन'ला मोकळं रान दिलं, तर गोदामातल्या पीसीत शिरलेलं रॅन्समवेअरही (फाइली अडवून खंडणी मागणारा व्हायरस) तुमचा सगळा हिशेब कुलूपबंद करू शकतं. हे मला फार गंभीर वाटतं.

फायरवॉल चालूच राहू द्या. प्रायव्हेट नेटवर्कवर फाइल शेअरिंगला आणि टॅलीच्या लायसन्सच्या पोर्टला (नेटवर्कवरचं ठरलेलं दार, सहसा ९९९९) परवानगी दिली की पुरतं. लायसन्स सिल्व्हर असेल तर ते एकाच युजरचं असतं. दोघांनी एकाच वेळी काम करायला गोल्ड लागतं, तिथे परवानग्या बदलून काही होणार नाही.

राहिलं एकच लॉगिन. १ एप्रिल २०२३पासून कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलांची नोंद राहणं बंधनकारक आहे. सगळेच 'ॲडमिन' असतील, तर व्हाउचर कोणी बदललं हे ऑडिटरला त्या नोंदीतून कळणार नाही.