जुनी गाडी दोन इंच उचला म्हणणारा तो मेसेज चुकीचा आहे

पावसाळा सुरू झाल्यापासून एक मेसेज गोवाभर फिरतो आहे. म्हणे गोव्याच्या रस्त्यांवर जुनी गाडी टिकवायची असेल तर सस्पेन्शन दोन इंच उचला. कसं, तर स्प्रिंगच्या वेढ्यांत रबर बफर घाला, फियाट, अ‍ॅम्बेसेडर, बीटल, कुठल्याही गाडीला चालतं. मागच्या पाट्यांना, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगना, लांब शॅकल (पाट्याचं टोक गाडीला टांगणारी कडी) लावा. गाडी रस्ता जास्त घट्ट धरते, पाण्यातून बिनधास्त जाते. फ्रान्सची सिट्रोएन कंपनी ही सोय स्वतःच देत होती. आणि पन्नास वर्षांवरच्या गाडीला आरटीओ काही विचारत नाही.

परवा पेडण्याच्या मामांनी हाच मेसेज मला पाठवला आणि खाली लिहिलं, "रबरं आणून ठेवलीत, रविवारी बसवून घेतो." त्यांची ७२ सालची फियाट अजून रोज चालते, नातवंडं तिच्यातून शाळेत जातात. म्हणून गप्प बसवत नाही.

पहिलं, ते 'कुठल्याही गाडीला'. जुन्या अ‍ॅम्बेसेडरला पुढे टॉर्शन बार असतो, म्हणजे पिळली जाऊन स्प्रिंगचं काम करणारी पोलादी दांडी, आणि मागे पाटे. साध्या बीटलला पुढे-मागे दोन्हीकडे टॉर्शन बार. वेढ्यांची स्प्रिंगच नाही, तर रबर घालणार कशात? ज्याने हे लिहिलं त्याने या गाड्यांखाली एकदाही डोकावून पाहिलेलं नाही.

बीटलचं तर मला जास्तच भय वाटतं, कारण पोर्तुगीज काळात आलेल्या काही बीटल आपल्याकडे अजून जपून ठेवलेल्या आहेत. जुन्या बीटलचा मागचा अ‍ॅक्सल गिअरबॉक्सपाशी दोन्ही बाजूंना सांध्यावर हलतो आणि चाक त्या अर्ध्या अ‍ॅक्सलला ताठ जोडलेलं असतं. अ‍ॅक्सल वर-खाली झाला की चाकही कलतं. गाडी वर उचलली की मागची चाकं खालून आत वळतात. उभ्या गाडीच्या मागे थांबून पाहिलं तरी ते दिसतं. आता अशी गाडी चोर्ला घाटाच्या वळणावर जोरात घातली, तर बाहेरचं चाक आणखी आत दुमडतं, गाडीची मागची बाजू त्याच्यावर उचलली जाते आणि गाडी उलटू शकते. जुन्या अ‍ॅक्सलचा हा दोष जगभर माहीत असलेला आहे, नंतरच्या बीटलमध्ये कंपनीने ती रचनाच बदलली. आणि हा मेसेज तोच दोष वाढवून घ्यायला सांगतो!

फियाटकडे येऊ. तिला पुढे वेढ्यांची स्प्रिंग आहे, म्हणजे रबर बसतं. पण बसतं म्हणून बसवायचं का? रबर ज्या वेढ्यांत अडकतं ते वेढे दबायचे थांबतात आणि सगळा भार उरलेल्यांवर येतो. समजा काम करणारे आठ वेढे आहेत आणि त्यांतले दोन बंद पडले, तर स्प्रिंग तिसऱ्या हिश्श्याने कडक झाली. पन्नास वर्षांचं, गंजाने खड्डे पडलेलं पोलाद आणि त्यावर हा जादा ताण. रबराच्या कडेलाच तुटायची वेळ येते.

आणि 'रस्ता घट्ट धरते' हे तर साफ उलटं आहे. मामांनी एक गोष्ट करून पाहावी. पुढच्या बाजूला जॅक बॉडीखाली लावून गाडी हळूहळू उचलायची आणि चाकाकडे बघायचं. बॉडी वर जाते, चाक काही वेळ जमिनीवरच राहतं, मग एका जागी सस्पेन्शन संपतं आणि चाक उचललं जातं. चाकाला खाली जायला एवढीच वाट आहे. खड्डा आला किंवा स्पीडब्रेकरच्या पलीकडे उतार लागला की चाक याच वाटेने खाली जाऊन रस्त्याला टेकलेलं राहतं. तुम्ही बॉडी दोन इंच उचलता ते या वाटेतूनच. मग चाक मध्येच लटकतं, शॉकअब्सॉर्बर पूर्ण ताणला जाऊन त्यालाच गचके बसतात आणि तेवढा वेळ त्या टायरला ना ब्रेक लागतो ना स्टेअरिंग. शिवाय स्टेअरिंगचे रॉड तिरके झाल्याने प्रत्येक खड्ड्यात पुढची चाकं थोडी थोडी वळत राहतात, ते वेगळंच.

लांब शॅकलचं थोडक्यात सांगतो. शॅकल दोन इंच लांब केलं तर गाडी एकच इंच उचलली जाते, कारण पाट्याचं एकच टोक खाली जातं. अ‍ॅक्सल मात्र कलतो, मागच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटचा कोन बिघडतो, आणि मागून गाडी आडवी हलायला लागते.

पाण्याच्या मुद्द्यावर माझा खरा राग आहे. फियाटच्या मागच्या बाजूला सगळ्यांत खाली असतं ते डिफ्रन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा गिअरचा गोळा. ते अ‍ॅक्सलवर आहे, अ‍ॅक्सल चाकांवर आहे. स्प्रिंग कितीही उचला, डिफ्रन्शियल सूतभरही वर येत नाही. ब्रेकचे ड्रमही चाकातच, तेही तिथेच राहतात. पणजीच्या मळा भागात किंवा १८ जून रस्त्यावर पाणी साचलं की ड्रममध्ये जायचं तेवढं जाणारच. भिजलेले ब्रेक-शू धरत नाहीत, किंवा एका बाजूचे आधी धरतात आणि गाडी ओढते. वर उचललेली बॉडी पाहून माणसाला धीर येतो आणि तो जाऊ नये तिथे गाडी घालतो.

सिट्रोएनचं अर्धं खरं आहे, मान्य. १९५५ च्या डीएसला चालकाजवळ लिव्हर होता आणि गाडी खरोखर वर-खाली व्हायची. पण ती तेलाच्या आणि वायूच्या दाबावर चालणारी रचना, फियाटशी तिचा संबंध नाही. आणि तिथेही सगळ्यांत वरची उंची चाक बदलायला किंवा फार खराब वाटेवर सावकाश जायला होती. त्या उंचीवर डीएस दगडासारखी कडक होते, कारण चाकाला खाली जायची वाट उरत नाही. म्हणजे मेसेजने दिलेलं उदाहरणच मेसेजच्या विरुद्ध आहे.

आणखी एक कबूल करतो. मामांचा सायलेन्सर ओहोटीच्या वेळी फेरीबोटीच्या फळीला घासतो, ते मी ऐकलेलं आहे. पण ती गाडी कमी उंचीची बनली म्हणून नव्हे, पन्नास वर्षांत स्प्रिंग दबून खाली बसल्या म्हणून. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंनी टेप लावून मोजा. डाव्या-उजव्यात फरक निघाला की कळेल. पुढच्या स्प्रिंग जोडीने नव्या घाला, मागचे पाटे कमानवाल्याकडे देऊन मूळ कमानीवर आणा, सायलेन्सरची लोंबलेली रबरं बदला, मग व्हील अलाइनमेंट करा. मूळ उंची परत आली की फळीवरचं घासणं बहुतेक जाईल. त्याहून जास्त उंची मागू नका.

राहिला आरटीओ. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण असतं आणि त्याला वाहतूक खात्याची तपासणी लागते, मग 'विचारत नाही' कसं? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दलच आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगीविना नवे भाग बसवून केलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. जुलै २०२१ च्या केंद्राच्या विंटेज नियमांत तर पन्नास वर्षांवरची गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी ही अटच आहे. मामांना पुढेमागे फियाटला विंटेज गाड्यांना मिळणारा तो 'व्हीए'चा नंबर घ्यायचा आहे. तपासणीला स्प्रिंगमध्ये रबरं कोंबलेली गाडी नेऊन ती मूळ स्वरूपात आहे असं ते सांगणार कसं?