हजार किलोमीटरने ब्रेक सेट होत नाही हो, आधी पेडल बघा

तो मेसेज परत फिरतोय, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर या आठवड्यात दोनदा आला. थोडक्यात असा: नवीन पॅड-डिस्क (चाकाबरोबर फिरते ती डिस्क, तिला आवळतो तो पॅड) टाकल्यावर ब्रेक कमी लागणं नॉर्मल आहे, हजार किलोमीटर चालवा आपोआप सेट होईल, पेडल खाली जात असेल तर दोनदा मारायची सवय लावा, ब्रेक ऑइल कुठलंही चालतं फक्त लेव्हल फुल ठेवा, आणि पेडल कडक म्हणजे ब्रेक एक नंबर. खाली धडाधड अंगठे.

पहिलं वाक्य अर्धं खरं आहे आणि लोक तिथेच फसतात. नवा पॅड नव्या डिस्कवर बसायला वेळ लागतो, तोवर पकड थोडी कमी वाटते, हे मान्य. पण पकड कमी वाटणं वेगळं आणि पेडल खाली जाणं वेगळं. पहिल्या प्रकारात पेडल वरच असतं, घट्ट असतं, फक्त गाडी जरा उशिरा थांबते. पेडल अर्ध्याच्या खाली जातंय किंवा स्पंजसारखं दबतंय तर पॅड बसायचा आणि त्याचा काही संबंध नाही, हजार काय दहा हजार चालवा. आणि बसवायचाच असेल तर सायनच्या ट्रॅफिकमध्ये रांगत कसा बसणार? रविवारी पहाटे पाम बीचसारखा मोकळा रस्ता बघा, मागे कोणी नाही याची खात्री करा, साठच्या आसपास स्पीड, बऱ्यापैकी दाबून पंधरा-वीसवर आणायची, पूर्ण थांबवायची नाही, मध्ये थंड होऊ द्यायचं, असं आठ-दहा वेळा. त्याआधी एक काम, नव्या डिस्कला गंज लागू नये म्हणून तेलाचा हात मारलेला असतो, तो ब्रेक क्लीनरने पुसला नाही तर पॅड ते तेल पितो आणि मग तो पॅड गेलाच समजा.

आता ते स्पंजसारखं पेडल. हे मी स्वतः भोगलंय. पुढचे दोन्ही कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) बदलले, गाडी घेतली, पेडल मऊ. गॅरेजवाल्याने तीनदा एअर काढली (म्हणजे ब्रेक ऑइलमध्ये अडकलेली हवा), ऑइलच्या बाटल्यांवर बाटल्या ओतल्या, आणि शेवटी म्हणतो मास्टर सिलेंडर (पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलतो तो) गेलाय, नवीन टाकावा लागेल. मी वैतागून गाडी हळूहळू कुर्ल्याला एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेली (नेऊ नये, टो करावी, तेव्हा अक्कल नव्हती). त्याने चाकसुद्धा काढलं नाही, स्टिअरिंग पूर्ण वळवायला लावलं, आत टॉर्च मारला आणि हसला, "निपल नीचे है, हवा ऊपर बैठी है, निकलेगी कैसे?" डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे! बोल्ट जुळतात, बसतो अगदी बरोबर, फक्त एअर काढायचा निपल खालच्या बाजूला येतो आणि हवा तर वर साठते, म्हणजे वर्षभर एअर काढत बसलात तरी ती निघणार नाही. अदलाबदल केली, पुन्हा एअर काढली, पेडल दगड. मास्टर सिलेंडर अजून तोच आहे.

तरी मास्टर सिलेंडर खरंच जाऊ शकतो बरं का, आणि कधी कधी एअर काढतानाच जातो. मदतनीस पेडल पार फ्लोअरपर्यंत आपटतो, जुन्या सिलेंडरचा तो शेवटचा भाग कधी वापरलेला नसतो, तिथे कचरा-गंज, आतली रबरं खरवडतात. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. ओळखायचं असं: इंजिन चालू, गाडी उभी, पाय एकसारखा दाबून धरा. पेडल हळूहळू खाली बसत गेलं तर सिलेंडर आतून पास होतोय (रबरांवरून ऑइल मागे सुटतंय) किंवा कुठेतरी लीक आहे. एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर अजून एक भानगड, युनिटमध्ये हवा शिरली की काही गाड्यांत ती स्कॅनर लावल्याशिवाय निघत नाही.

"दोनदा मारा" हा तर सल्लाच नाही, ती टेस्ट आहे! दुसऱ्यांदा मारल्यावर पेडल वर येऊन घट्ट झालं तर बहुतेक मागचे लायनर (मागच्या ड्रम ब्रेकमध्ये पॅडचं काम करतात ते) ड्रमपासून लांब आहेत, सेट केलेले नाहीत. वर आलं पण मऊच राहिलं तर हवा. सिग्नलला पुढे रिक्षा आडवी घुसली की दुसऱ्यांदा मारायला वेळ कुठे असतो?

ऑइल कुठलंही चालतं, हे कोणी लिहिलं देव जाणे. ऑइलच्या टाकीच्या झाकणावर जो डॉट नंबर, म्हणजे ऑइलचा ग्रेड, लिहिलाय तेच. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळायचं नाही, आणि इंजिन ऑइल चुकून गेलं तर सगळी रबरं फुगतात. शिवाय ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, आपल्या मुंबईत तर विचारूच नका. ताजं डॉट ४ किमान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पाणी धरल्यावर तीच हद्द १५५ वर येते, आणि खंडाळ्याचा घाट उतरताना ब्रेक तापून आत वाफ झाली की पेडल सरळ खाली. म्हणून साधारण दोन वर्षांनी पूर्ण बदलायचं, वरून ओतत राहायचं नाही. लेव्हल पॅड झिजला की आपोआप उतरते, पॅड झिजलेला नसताना उतरली तर लीक शोधा.

राहिलं पेडल कडक. कडक आहे आणि गाडी थांबत नाही, तर बूस्टर (पायाच्या जोराला मदत करतो तो) किंवा त्याचा व्हॅक्यूम पाईप बघा. इंजिन बंद करून चार-पाच वेळा मारा, दाबून धरा, स्टार्ट करा, पेडल थोडं खाली सरकायला हवं. नाही सरकलं तर मदत मिळत नाहीये.

मेसेज टाकणाऱ्या चौथ्या मजल्यावरच्या काकांनी महिन्यापूर्वीच लायनर बदललेत, म्हणून काल पार्किंगमध्ये त्यांना म्हटलं, काका, हँडब्रेक ओढून पेडल दाबून बघा जरा. चांगलं दोन बोटं वर आलं, कारण हँडब्रेकने मागचे लायनर ड्रमला टेकले. मग हँडब्रेक सोडून दाबलं, परत खाली. आज सकाळी लायनर सेट करून घ्यायला गेलेत, मेसेज मात्र अजून डिलीट केलेला नाही.