‘सिंगल वळते, फोर नुसती पळते’: फॉरवर्ड वाचलात, आता हेही वाचा

नाशकातल्या बाइकवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक लांबलचक फॉरवर्ड फिरतोय. थोडक्यात सांगायचं तर असा: जुन्या रेसिंग गाड्या वळणात कशा चालायच्या ते फक्त इंजिन ठरवायचं. ब्रिटिश रेसिंग गाडी नॉर्टन मँक्स सिंगल सिलिंडर होती म्हणून इटालियन गिलेराच्या फोरला, म्हणजे चार सिलिंडरच्या गाडीला, भारी पडली. फोर सिलिंडर गाडी मुळात वळतच नाही. चेसी म्हणजे इंजिन टांगायचा सांगाडा. आणि शेवटी फुकटचा सल्ला: बुलेट पुढून खाली घ्या, कसारा घाटात मँक्सच होते.

आधी नॉर्टनचंच घेऊ. 1949 ची मँक्सही सिंगलच होती की! इंजिन जवळपास तेच, पण चेसी जुनी, ‘गार्डन गेट’ नावाची, मागे प्लंजर सस्पेन्शन, म्हणजे चाकाचा आस उभ्या स्प्रिंगांत वरखाली सरकायचा. 1950 साली बेलफास्टच्या रेक्स मॅककँडलेसची फेदरबेड चेसी आली. तिच्यात दोन नळ्या हँडलच्या डोक्यापासून टाकीखालून मागे जातात, खाली वळतात, इंजिनाखालून पुढे येतात आणि पुन्हा वर डोक्याशी जुळतात. अशा दोन बंद कड्यांच्या मधोमध इंजिन, मागे चाक धरणारा हलता चिमटा आणि दोन शॉकअप. त्या वर्षी आइल ऑफ मॅन बेटावरच्या टीटीच्या ज्युनियर (350 सीसी) आणि सीनियर (500 सीसी) दोन्ही शर्यतींत पहिले तिन्ही नंबर नॉर्टनचे आले. सीनियर जेफ ड्यूकनं जिंकली. आदल्या वर्षीही इंजिन सिंगलच होतं, मग वर्षभरात बदललं काय?

याच्या उलटा प्रयोग इंग्लंडातल्या पोरांनी हौसेनं केला. फेदरबेड चेसीत ट्रायम्फचं ट्विन इंजिन बसवलं, तीच ट्रायटन. इंजिन दुसऱ्याचं, सिलिंडर दोन, तरी लोक ती घ्यायचे ते नॉर्टनच्या चेसीसाठी. सांगाड्यासाठी एवढी खटपट कोण करतं?

बरं, मँक्स गिलेराला भारी पडली म्हणावं, तर 1950 चं 500 सीसीचं जगज्जेतेपद गिलेराच्या फोरवर उंबेर्तो मासेत्तीनं नेलं, तेही ड्यूकला एका गुणानं मागे टाकून. 1951 ला ड्यूक नॉर्टनवर जिंकला. मग 1953 मध्ये तोच ड्यूक गिलेराकडे गेला, त्याच्या सूचनांवरून तिथल्या चेसीत फेरफार झाले आणि 1953, 54, 55 अशी सलग तीन विजेतेपदं त्यानं फोरवर मिळवली. न वळणाऱ्या गाडीवर!

‘फोर वळत नाही’ या समजुतीला बळ मिळालं असेल तर ते होंडाच्या आरसी181 मुळे, असं मला वाटतं. 500 सीसी, चार सिलिंडर, ताकदीला तोड नाही. पण चेसीला ती ताकद पेलेना. माइक हेलवुडसारखा कसलेला गडी वर असूनही गाडी डोलायची. 1967 मध्ये हेलवुड आणि एमव्ही अगुस्ताच्या तीन सिलिंडर गाडीवरचा अगोस्तिनी यांचे गुण सारखे, जिंकलेल्या शर्यतीही पाच-पाच. दुसरे नंबर जास्त म्हणून किताब अगोस्तिनीला. यात दोष सिलिंडरांच्या संख्येचा की पिळवटणाऱ्या चेसीचा, तुम्हीच ठरवा.

इंजिनाचा काहीच संबंध नाही असं मात्र मी म्हणत नाही. आडवं बसवलेलं चार सिलिंडरचं इंजिन रुंद असतं, गाडी झुकवायला जागा कमी उरते. क्रँक, म्हणजे पिस्टननं फिरणारा इंजिनातला दांडा, चाकांच्याच दिशेनं फिरत असेल तर गाडी एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला टाकताना तिचा विरोध आणि चाकांचा विरोध यांची बेरीज होते. उलटी फिरवली तर तो वजा होतो. पण हा विरोध क्रँकच्या जडपणावर आणि आरपीएमवर, दोन्हींवर अवलंबून असतो. मोठ्या सिंगलचं फ्लायव्हील जड आणि आरपीएम कमी, फोरचं नेमकं उलट. त्यामुळे नुसते सिलिंडर मोजून निकाल देता येत नाही. वजन कुठे ठेवलंय हेही बघावं लागतं: मोटो गुझ्झीनं सिंगलचा सिलिंडर आडवा झोपवून वजन खाली ठेवलं आणि 1953 ते 1957 सलग पाच वर्षं 350 सीसीचा किताब राखला.

राहिला बुलेटचा सल्ला. हा धोक्याचा आहे, कारण रविवारी मिसळ खाऊन लोक खरंच गॅरेजात जातात. हँडलच्या दांड्याची रेघ जमिनीपर्यंत वाढवली तर ती टायर टेकतो त्याच्या पुढे पडते. हे अंतर म्हणजे ट्रेल. टी, म्हणजे फोर्कला धरणारी पकड, ढिली करून फोर्कच्या नळ्या इंचभर वर सरकवल्या की हँडलचा कोन साधारण एक अंशानं उभा होतो आणि ट्रेल 6 मिलिमीटरच्या आसपास घटतो. हँडल हलकं लागतं, हे खरं. पण गाडीला सरळ धरून ठेवणारं ट्रेलच असतं. सिंहस्थाच्या कामांसाठी खणलेल्या रस्त्यावर किंवा घाटात ट्रकनं पाडलेल्या चरांत हेच हलकं हँडल फडफडायला लागतं. शिवाय टी आणि मडगार्डमधलं अंतर कमी होतं, मोठ्या खड्ड्यात दोन्ही भिडू शकतात.

वळणात बुलेट मागून हलते म्हणून फोर्कला हात घालणार असाल, तर आधी ती मधल्या स्टँडवर लावा, मागचं चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवा. चिमट्यात खटखट जाणवली तर बुश बदला. मग पुढचं चाक अधांतरी ठेवून हँडल सावकाश फिरवा. मधोमध अडकल्यासारखं झालं तर कोनसेट, म्हणजे हँडलची बेअरिंग, गेलाय.