काच दोन बोटं खाली ठेवली म्हणून गाडीतलं लेकरू वाचत नाही

काल रात्री फॅमिली ग्रुपवर ताईनं एक फॉरवर्ड टाकला. तिचा पोरगा दीड वर्षाचा आहे म्हणून मला राहवलं नाही. मेसेज असा की बाळ गाडीत झोपलं तर उठवू नका, काच दोन बोटं खाली ठेवा, गाडी झाडाखाली लावा, दहा मिनिटांत काही होत नाही, आपली मुलं उन्हाला सरावलेली असतात, फारच वाटलं तर एसी चालू ठेवून जा. खाली चार जणांचे अंगठे. नागपुरात, मे महिन्यात!

आधी ती दोन बोटं, कारण सगळे त्याच्यावरच विसंबतात. 2005 साली पीडिॲट्रिक्स या जर्नलमध्ये स्टॅनफर्डच्या डॉक्टरांचा अभ्यास आला होता, त्यांनी 16 दिवस गाडी उन्हात उभी करून आतलं तापमान मोजलं. बाहेर फक्त 22 ते 36 अंश, म्हणजे आपल्याकडे डिसेंबर ते मार्चच्या दुपारी असतं तेवढंच. तरी तासाभरात आत सरासरी 22 अंशांनी वाढ, त्यातली 80 टक्के पहिल्या अर्ध्या तासात. आणि काच साधारण 4 सेंटिमीटर उघडी ठेवून मोजलं, हीच ती दोन बोटं, तर फरक धरावा इतकाही नाही. ऊन काचेतून आत येतं, डॅशबोर्ड नि सीट तापतात, त्यांची धग आतल्या हवेला लागते, त्या फटीतून किती बाहेर जाणार? आता बाहेर 36 च्या जागी 45 धरा आणि हिशोब करा.

सावलीत गाडी हळू तापते, हे मान्य. पण बाप्पा, वेधशाळा सांगते ते 45 हे सावलीतलंच तापमान असतं नं! आणि कडुनिंबाची सावली तुम्ही परत येईपर्यंत एका जागी थांबत नाही.

'सरावलेली मुलं' वाचून तं डोकंच फिरलं. लहान मुलाचं अंग मोठ्या माणसापेक्षा 3 ते 5 पट वेगानं तापतं, अंगातला ताप 40 अंशांवर गेला की उष्माघात, आणि बेल्टमध्ये बांधलेलं लेकरू दार उघडू शकत नाही. जून 2023 मध्ये पाचपावलीत तीन लहान मुलं घराजवळच उभ्या असलेल्या गाडीत मेलेली सापडली, आदल्या दिवशीपासून घरचे शोधत होते. ती नागपूरचीच लेकरं होती. काय कामी आली सवय?

एसीचं एवढंच सांगते, चावी आत, गाडी चालू, पोरगं लॉकचं बटण दाबतं नाहीतर गिअरला हात घालतं, आणि इंजिन बंद पडलं की एसीही बंद. आणि दहा मिनिटं म्हणजे बर्डीवर एका दुकानातली बिलाची लाइन, कोणाची दहा मिनिटं दहा मिनिटांत संपतात?

घरी उभी गाडीसुद्धा लॉक करा, चावी वर ठेवा. मागे मूल असेल तर आपली पर्स नाहीतर मोबाइल मागच्याच सीटवर टाका, म्हणजे उतरताना मागे बघणं होतंच. कुठं बंद गाडीत एकटं मूल दिसलं तर मालकाची वाट पाहत बसू नका, 112 ला फोन करा, मूल मलूल दिसलं तर काच फोडा, सावलीत नेऊन अंग ओलं करा, वारा घाला, 108 बोलवा.

ताई, तो मेसेज सगळ्यांसाठी डिलीट कर आधी. बाजारात जायचं असलं तर मला फोन कर, मी नंदनवनहून येते, पिल्लू माझ्याजवळ झोपेल.