हॅमरहेडचे डोके घाव घालण्यासाठी नसते

परभणीतील आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर गेल्या आठवड्यात एक संदेश फिरला आणि दोनच दिवसांत तो माझ्या नववीच्या मुलांच्या तोंडीही आला. ‘हॅमरहेड शार्कचे डोळे डोक्याच्या दोन टोकांना असल्याने त्याला समोरचे काहीच दिसत नाही, म्हणून तो डोक्याने घणासारखे घाव घालून भक्ष्य ठेचतो, माणूस दिसला की धडक देतो, आणि त्याच्या मादीला पिल्लांसाठी नर लागतच नाही,’ असा त्याचा आशय होता. मराठवाड्यातल्या मुलांनी समुद्रही क्वचितच पाहिलेला असतो, त्यामुळे वाचलेले पडताळण्याची संधी त्यांना मिळत नाही. म्हणून याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे.

पहिला मुद्दा नजरेचा. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या माशांचे दृष्टिक्षेत्र प्रत्यक्ष मोजले गेले. दोन्ही डोळ्यांना एकाच वेळी दिसणारा समोरचा पट्टा साध्या निमुळत्या डोक्याच्या लेमन शार्कमध्ये सुमारे 10 अंशांचा आढळला, तर हॅमरहेडच्या स्कॅलप्ड जातीत 32 आणि सर्वांत रुंद डोक्याच्या विंगहेडमध्ये 48 अंशांचा, म्हणजे संदेशात सांगितले आहे त्याच्या नेमके उलट. वर्गात मी फुटपट्टीच्या दोन टोकांना दोन छोट्या बॅटऱ्या बांधल्या आणि त्या किंचित आत वळवल्या, तेव्हा दोन्ही झोत फळ्यावर एकमेकांत मिसळले, पण पट्टीच्या मध्यासमोरची वीतभर जागा अंधारीच राहिली. हॅमरहेडच्याही नाकासमोर अगदी जवळ अशी एक आंधळी जागा असते, एवढे मान्य करायला हवे.

मात्र तिथे त्याचे अडत नाही. डोक्याच्या खालच्या बाजूला जेलीसारख्या द्रवाने भरलेली असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. इटालियन वैद्य लोरेंझिनी यांनी 1678 मध्ये वर्णन केलेल्या या इंद्रियांना वाळूखाली दडलेल्या जिवाच्या शरीरातील अत्यंत क्षीण विद्युतक्षेत्रही जाणवते. शेतात वखराची पाळी घालावी तसा हा मासा रुंद डोके तळालगत फिरवत जातो, आणि डोके जितके रुंद तितकी एका फेरीत जास्त जागा तपासली जाते.

घावांच्या गोष्टीत सत्याचा एक कण आहे. ग्रेट हॅमरहेड ही जात पाकट या चपट्या माशाला डोक्याने तळाशी दाबून धरते आणि त्याच्या पंखांचा चावा घेते, म्हणजे त्याला पळता येत नाही. पण ही एका जातीची पद्धत झाली. हॅमरहेडचीच दुसरी जात असलेला लहानसा बॉनेटहेड प्रामुख्याने खेकडे खातो आणि सोबत समुद्रगवतही पचवतो, हे 2018 मधील प्रयोगांत दिसले आहे.

माणसाला धडक देण्याबद्दल बोलायचे, तर हॅमरहेडने कारण नसताना केलेल्या हल्ल्यात माणूस दगावल्याची एकही खात्रीशीर नोंद नाही. माणसाने मात्र परांसाठी त्याची इतकी शिकार केली की 2019 मध्ये ग्रेट आणि स्कॅलप्ड या दोन्ही जाती ‘अतिसंकटग्रस्त’ ठरल्या. अशा प्राण्याबद्दल मुलांच्या मनात खोटी भीती पेरली जाते, याचे मला फार वाईट वाटते.

मादीबद्दलचा दावा एका खऱ्या घटनेवरून उचललेला आहे. 2001 मध्ये अमेरिकेतील ओमाहा येथील प्राणिसंग्रहालयात, नराशिवाय ठेवलेल्या बॉनेटहेड माद्यांच्या टाकीत पिल्लू जन्मले, आणि त्यात पित्याचा अंश नाही हे 2007 मध्ये डीएनए तपासणीतून प्रसिद्ध झाले. तो बंदिवासातला अपवाद होता. एरवी या माशांत नर-मादीचे मीलन होते, गर्भ वारेसारख्या अवयवातून पोसला जातो आणि मादी जिवंत पिल्लांना जन्म देते. जन्मताना पिल्लांच्या डोक्याच्या दोन्ही बाजू मऊ आणि मागे दुमडलेल्या असतात, त्यामुळे एवढ्या रुंद डोक्याचे पिल्लूही सहज बाहेर येते.