आधी रकाना बघा, मग पगार

परवा रात्री नाशिकहून मावसभावाचा मेसेज आला. "ताई, अमेरिकेत मेडिकल कोडरचा एच-1बी मिळतोय. एजंट साडेतीन लाख म्हणतो, 50 हजार टोकन दिलंय. पगार तिथल्या मिनिमम वेजच्या वरच असणार, तसा कायदाच आहे म्हणे. खरंय का?"

एच-1बी म्हणजे अमेरिकेतल्या कंपनीनं परदेशी माणसासाठी मागायचा कामाचा व्हिसा. कायदा आहे हे खरंय. बाकीचं सांगायला मेसेज पुरेना, म्हणून इथे लिहितेय. मोठं झालंय, चहा घेऊन बसा.

सुरुवात बाबांपासून करते. सांगली जिल्ह्यातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात बाबा रेकॉर्ड रूमला होते. तळघरातली खोली, गंजलेले रॅक, लाल फडक्यात बांधलेले केसपेपरचे गठ्ठे आणि प्रत्येक गठ्ठ्याला सुतळीनं लटकवलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी. पाच वर्षांपूर्वीचा पेशंट परत आला की डॉक्टर खाली निरोप धाडायचे आणि बाबा दहा मिनिटांत कागद वर पोचवायचे. पोलीस केसचे कागद वेगळ्या कपाटात, त्याची किल्ली बाबांच्या कमरेला. कोर्टाचं समन्स आलं की ते कागद घेऊन जायलाही बाबाच. मस्टरवर मात्र त्यांच्या नावापुढे होतं 'मदतनीस', आणि वर्ग 'अकुशल'.

महाराष्ट्रात किमान वेतनाचे कुशल, अर्धकुशल आणि अकुशल असे तीन वर्ग पडतात, परिमंडळ बघून दर ठरतो, आणि जानेवारीत नि जुलैत विशेष भत्ता बदलतो. बाबांना तो भत्ता वेळेवर मिळायचा. व्हाउचरवर एक रक्कम आणि हातात दुसरी, हा प्रकारही तिथे नव्हता. हिशोब चोख होता. फक्त अकुशलचा होता.

हे सगळं बघत मोठी झालेली मी. बीएस्सी झाल्यावर पुण्यात नाइट शिफ्टला अमेरिकन हॉस्पिटलांचं मेडिकल कोडिंग केलं. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी: डॉक्टरनं काय लिहिलंय ते वाचायचं आणि त्याला नेमका कोड द्यायचा. टाइप 2 मधुमेह आहे, गुंतागुंत नाही, तर ई11.9. सोबत किडनीचा जुना आजार असेल तर ई11.22, शिवाय किडनीची स्टेज सांगणारा एन18 मधला कोड वेगळा. एक कोड चुकला की इन्शुरन्स कंपनी क्लेम परत पाठवते आणि पैसे महिनोन्‌महिने अडकतात. पाच वर्षं हेच केलं. मग कर्ज काढून अमेरिकेत हेल्थ इन्फर्मॅटिक्समध्ये मास्टर्स, ओपीटीवर (शिक्षणानंतर काही काळ काम करायची परवानगी) एका छोट्या बिलिंग फर्ममध्ये नोकरी, आणि 2018 मध्ये त्यांनीच एच-1बी साठी अर्ज टाकला.

दिवसभर लोकांच्या आजारांना कोड देणाऱ्या बाईनं स्वतःला कुठल्या कोडमध्ये टाकलंय ते बघितलं नव्हतं.

ते दिसलं ब्रेक रूममध्ये. फ्रिजच्या बाजूच्या बोर्डवर, कुणाच्या तरी बेबी शॉवरच्या पत्रिकेशेजारी, एक कागद टाचणीनं लावलेला. एच-1बी चा अर्ज करायच्या आधी कंपनीला अमेरिकेच्या कामगार खात्याकडे एलसीए, म्हणजे पगाराची आणि कामाच्या अटींची हमी देणारा फॉर्म, भरावा लागतो. त्यातला मजकूर कामाच्या जागी दोन दिसतील अशा ठिकाणी एकूण दहा दिवस लावायचा, असा नियम आहे. हुद्दा, किती माणसं, कुठल्या गावात, कधीपासून कधीपर्यंत आणि पगार किती. नाव नसतं. पण तिथे एच-1बी वाली मी एकटीच, त्यामुळे नावाची गरजच नव्हती. माझ्याच टीममधली एक अमेरिकन बाई मायक्रोवेव्ह संपायची वाट बघत तो कागद वाचत होती. वाचून झाल्यावर ती माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "हा पगार तुझा आहे?" तिला त्याच कामाचे माझ्यापेक्षा बरेच जास्त मिळत होते.

हुद्दा लिहिला होता मेडिकल रेकॉर्ड्स टेक्निशियन. लेव्हल 1. मी करत होते ते मात्र डिनायल्सचं, म्हणजे नाकारलेल्या क्लेमचं काम आणि दुसऱ्या कोडरांच्या चार्टचं ऑडिट.

आता नियम कसा चालतो ते सांगते, कारण एजंट हे सांगत नाही. एच-1बी वाल्याला जो पगार द्यावा लागतो तो साध्या मिनिमम वेजशी जोडलेला नाही. केंद्राचं मिनिमम वेज तासाला 7.25 डॉलर आहे, 2009 पासून तेवढंच. एच-1बी ला 'प्रिव्हेलिंग वेज' लागतं, म्हणजे त्या भागात त्या हुद्द्याला चालू असलेला दर. कंपनी तिच्या तसल्याच बाकीच्या माणसांना जो पगार देते तो यापेक्षा जास्त असेल, तर तो द्यायचा. चालू दर सरकारी पाहणीतून निघतो, भागाप्रमाणे बदलतो आणि दर जुलैत नवा लागतो. प्रत्येक हुद्द्याला एक सरकारी कोड असतो आणि त्यात पगाराच्या चार पायऱ्या, म्हणजे लेव्हल. त्या हुद्द्याच्या शंभर माणसांना पगाराप्रमाणे ओळीत उभं केलं, तर लेव्हल 1 म्हणजे साधारण खालून सतरावा माणूस. लेव्हल 2 चौतिसावा, 3 पन्नासावा, 4 सदुसष्टावा. म्हणजे ज्याला कायदा 'चालू दर' म्हणतो, त्यात पहिल्या पायरीवर ऐंशीहून जास्त लोक तुमच्या वर असतात. मराठीत याला चालू दर म्हणत नाहीत, पडेल भाव म्हणतात.

यापुढची गोष्ट मला कळायला फार वेळ लागला. पायरी माणसाचा अनुभव बघून ठरत नाही. कंपनीनं लिहिलेल्या जॉब डिस्क्रिप्शनमध्ये किती शिक्षण, किती अनुभव लागतो असं म्हटलंय, त्यावर ठरते. माझी पुण्यातली पाच वर्षं तिथे मोजलीच गेली नाहीत. 'अनुभवाची गरज नाही' असं एक वाक्य टाकलं की काम झालं. आणि एलसीए तपासायला कामगार खात्याकडे कामाचे सात दिवस असतात, त्यात फॉर्म पूर्ण आहे का आणि उघड चूक नाही ना, एवढंच बघतात. ही बाई रोज करते काय, हे विचारायला कुणी येत नाही.

एचआरला विचारलं. उत्तर मिळालं, "दॅट्स फॉर द लॉयर्स." वकील तर कंपनीचा.

पुढची गंमत अजून मोठी. एच-1बी फक्त 'स्पेशालिटी' कामाला मिळतो, म्हणजे ज्याला त्या विषयातली किमान बॅचलर पदवी लागतेच. आणि मेडिकल रेकॉर्ड्सच्या हुद्द्याला सर्टिफिकेट पुरतं, असं अमेरिकेच्या कामगार खात्याच्याच माहितीपुस्तकात लिहिलंय. त्यामुळे अर्ज गेल्यावर इमिग्रेशनकडून आरएफई, म्हणजे आणखी पुरावा मागणारी नोटीस आली: पहिल्याच पायरीचं काम आहे तर त्याला पदवी कशाला लागते? मग त्याच वकिलानं बारा पानी पत्र लिहिलं, की हे काम अतिशय गुंतागुंतीचं आहे, येरागबाळ्याचं नाही. पगार ठरवताना सोपं, व्हिसा मागताना अवघड. चार महिने जीव टांगणीला लागला, मग मंजुरी आली.

त्या रात्री बाबांना फोन केला. लेव्हल म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे तू पण अकुशल." मग दोघंही हसलो. मला नंतर रडू आलं ते वेगळं.

म्हणून दर वाढवा की कमी करा या भांडणात मला फारसा रस उरलेला नाही. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये कामगार खात्यानं या चार पायऱ्या एकदम 45, 62, 78 आणि 95 वर नेल्या होत्या. लोकांचं मत न घेता घाईनं नियम आणला म्हणून डिसेंबरमध्ये कोर्टानं तो रद्द केला. मग थोडा मवाळ नियम आला, तोही 2021 मध्ये गेला. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तेव्हा पेढे वाटल्यासारखा आनंद होता, कारण आयटीवाल्यांचे व्हिसा वाचले. मी तेव्हा गप्प बसले. आज म्हणते, पहिली पायरी 45 वर नेणं झेपणारं नव्हतं हे कबूल, पण सतरावर ठेवणंही लाजिरवाणं होतं. आपण ते साजरं केलं.

नंतर 2025 च्या सप्टेंबरमध्ये बाहेरून नवा एच-1बी माणूस आणायचा तर एक लाख डॉलर भरा, असा फतवा निघाला. यातला एक डॉलरही कामगाराच्या खिशात जात नाही. रेकॉर्ड्सच्या कामाला साधारण वर्षाचे पन्नास हजार डॉलर मिळतात, म्हणजे दोन वर्षांचा पगार सरकारला आगाऊ भरायचा. हे कुठलं हॉस्पिटल करणार? साडेतीन लाख रुपये मागणाऱ्या एजंटाला हा एकच प्रश्न विचारला तरी पुरे.

त्याच सुमाराला, अर्ज जास्त आणि व्हिसा कमी म्हणून काढतात ती लॉटरीही बदलली. 2026 पासून सगळ्या चिठ्ठ्या सारख्या नाहीत. देऊ केलेला पगार चौथ्या पायरीला पोचत असेल तर चार चिठ्ठ्या, पहिलीला पोचत असेल तर एक. एक लाखाच्या फतव्यापेक्षा हे मला बरं वाटतं, निदान पगाराचा संबंध पगाराशी लागतो. पण पायरी पगारावरून मोजायची म्हटल्यावर हुद्द्याचा कोड कुठला, हे आणखीच महत्त्वाचं झालं. तोच पगार कॉम्प्युटरवाल्या महागड्या कोडमध्ये पहिल्या पायरीवर बसेल आणि मेडिकल रेकॉर्ड्सच्या स्वस्त कोडमध्ये तिसऱ्या-चौथ्या. आधी स्वस्त कोड पगार पाडायला उपयोगी होता, आता चिठ्ठ्या वाढवायलाही होईल. इमिग्रेशनवाले म्हणतात आम्ही तपासू. तपासतील तेव्हा बघू. (विद्यापीठांची आणि त्यांच्याशी जोडलेली धर्मादाय हॉस्पिटलं लॉटरीच्या बाहेर आहेत, हे खरं. पण विद्यापीठांसाठी चालू दराचा तक्ता वेगळा असतो आणि तो बऱ्याचदा खालचा.)

एच-1बी वर जास्त माणसं ठेवणाऱ्या कंपन्यांसाठी आणखी एक जुनी पळवाट आहे. त्यांना स्थानिक माणूस काढणार नाही वगैरे जादा हमी द्याव्या लागतात. पण वर्षाला 60,000 डॉलर पगार दिला की त्यातून सुटका. हा आकडा 1998 चा आहे. तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते.

मला विचाराल तर करायला हवं ते साधं आहे. कुठला कोड, कुठली पायरी आणि का, यावर कामगाराची सही घ्या. त्याला हरकत घ्यायला खिडकी द्या, आणि हरकत घेतली म्हणून व्हिसा जाणार नाही याची सोय करा. आत्ताही तक्रार करता येते, कामगार खात्याच्या वेज अँड अवर विभागाकडे, बारा महिन्यांच्या आत. तक्रारीवरून काढून टाकणं बेकायदा आहे. पण काढल्यावर नवी नोकरी शोधायला नाहीतर देश सोडायला हातात 60 दिवस, पोरगं शाळेत, गाडीचा हप्ता चालू. कोण करणार तक्रार? मी नाही केली. दोन वर्षं लेव्हल 1 वर काढली आणि नोकरी बदलली.

काही गोष्टी मात्र आत्ताच्या नियमातही तुमच्या बाजूच्या आहेत, त्या पाठ करा. कामावर हजर व्हायच्या दिवसापर्यंत एलसीएची प्रत तुमच्या हातात यायला हवी. मागा. काम नाही म्हणून कंपनीनं घरी बसवलं तरी पगार द्यावा लागतो. एच-1बी च्या अर्जाची वकील फी हा कंपनीचा खर्च, ती कापून पगार ठरलेल्या दराच्या खाली नेता येत नाही. माझ्याकडून पहिल्या सहा महिन्यांत कापली होती. मला वाटलं रीतच असेल.

भावाला हे सगळं फोनवर सांगितलं. म्हटलं, एजंटाला तीन गोष्टी विचार: हुद्द्याचा कोड कुठला, पायरी कुठली, आणि एक लाख डॉलर कोण भरणार. त्यानं विचारलं. उत्तराचा स्क्रीनशॉट मला पाठवला: "ते सगळं आमचे वकील बघतात, तुम्ही टेन्शन घेऊ नका." खाली हात जोडलेला इमोजी.

टोकनचे 50 हजार अजून परत आलेले नाहीत.